सीताफळाचं पथ्य

मंडईच्या पायऱ्या चढून टेकले, तोच टोपलीमागून हौसाबाईने हाक मारली, "वहिनी, आज भाऊ नाहीत संगतीला?"

"घरी आहेत. सीताफळं दे."

"त्यांच्या माघारी खाणार व्हय?"

ह्यांना जुना मधुमेह. वर्षानुवर्षं हे तिच्या टोपलीत हात घालायचे आणि मी भर बाजारात तो हात मागे ओढायचे. सगळ्या गाळ्यांना आमचा तमाशा पाठ होता.

"ह्यांच्यासाठीच. काल दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, आता मागतील ते खायला द्या."

"म्हंजे पथ्य सुटलं! बरे झाले की भाऊ!" तिने आनंदाने निवडून निवडून फळं काढली. "ही घ्या, परवा मऊ होतील."

खरं सांगायचं टाळून मी ती फळं परत तिच्या टोपलीत ठेवली.

"परवाची नकोत गं," मी म्हटलं. "आजची दे."