सतरंजीवरची शाळा

मुलांनो, असं एक घर डोळ्यांसमोर आणा, जिथे शाळा सतरंजीवर भरते. शाल्मली सकाळी जी वस्तू आणेल, तिचाच दिवसभर अभ्यास. हा नियम तिच्या आईचा.

आई वारल्यापासून शाल्मली काहीच आणत नव्हती. बाबा रोज सतरंजी अंथरत आणि दुपारी गुंडाळून ठेवत. त्यांना रडूही येत नव्हतं. चहा गरम की गार, तेही कळत नव्हतं.

आज शाल्मलीने आईच्या चपला आणल्या.

"या नकोत. दुसरं काहीतरी आण," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले.

"आई म्हणायची, आणलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नाही!"

तिने फरशीवर खडूने चपलेची कड गिरवली, आत आपलं पाऊल ठेवून तेही गिरवलं. "अजून एवढं वाढायचंय मला," मधली जागा बोटांनी मोजत ती म्हणाली. "आता तुझा पाय दे."

खडू टाचेकडून बोटांशी आला आणि कित्येक दिवसांनी बाबांना काहीतरी जाणवलं. गुदगुल्या. त्यांनी पाय झटकला, रेघ वाकडी गेली.

"हलू नको ना, बाबा!" शाल्मलीने त्यांचा पाय घट्ट धरला आणि पुन्हा टाचेपासून रेघ ओढायला घेतली.