वरवटचा पानमळा

शस्त्रक्रियेनंतर भुलीच्या सुईचा अंमल उतरताच वच्छलाबाई कण्हू लागल्या. डॉक्टरीणबाई वच्छलाबाईंच्या नवऱ्याला, उकंडरावांना म्हणाल्या, “डोळे मिटायला लावा, बोलण्यातूनच गार जागी फिरवून आणा. कळ विसरतील.” उकंडरावांना तशी एकच जागा ठाऊक होती: बायकांना पिढ्यानपिढ्या बंदी असलेला आपला पानमळा. मनाने नेण्यात कसला विटाळ? त्यांनी आरंभ केला. “वहाणा काढ. वाकून आत ये. वेलींची सावली हाये. डावीकडं वळ.” “डावीकडं चिखल असते,” मिटल्या डोळ्यांनी त्या पुटपुटल्या, “उजवीकडून चाला.” उकंडराव चरकले. “तुले काय ठाऊक?” “तुमी टायफाइडनं पडले होते, तवा वेलीले पानी कोन देल्लं? देवानं?” देवानेच, असे ते गावभर सांगत आले होते. बोलणे थांबले, तशी वच्छलाबाईंची कळ परतली. उकंडराव म्हणाले, “मंग तूच समोर चाल. मी मांगं येतो.”