अर्धा तास

दिवाळीला वालूरला आलेल्या काशीनाथनं लेकीला, प्राचीला, मोबाईलचा नियम लावून दिला. दिवसाला अर्धाच तास, वर एक मिनिट न्हाई. मग तो पुण्याला कंपनीत परत गेला.

आज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यानं व्हिडिओ कॉल लावला, तर पोरगी सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडंच बघायली.

"पप्पा, लवकर बोला. आई तुमचा फोनबी अर्ध्या तासातच धरती."

तो बायकोला हाक मारून म्हणाला, "हेमा, माझा फोन त्यात धरू नको. बापाशी पोटभर बोलू दे तिला."

प्राचीचा चेहरा खुलला.

"मंग माझा अर्धा तास आख्खा शिल्लक हाय?"

"हाय की गं, बाळा."

"मंग ठेवा आता."