भरून ठेवलेलं पाणी

वादळाचा इशारा आला तसं धाकट्या सुनेनं घरातलं एकही भांडं रिकामं ठेवलं नाही. बादल्या, पातेली, कुकर, अगदी बाळाचा टबसुद्धा काठोकाठ भरला. "अख्खी विहीरच आणलीस की घरात!" सासूबाई पलंगावरून हसल्या.

तिन्हीसांजेला वीज गेली. सासूबाईंना गोळीसाठी पाणी हवं होतं, म्हणून सून चाचपडत स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थबकली.

बादलीत चांदणं पडलं होतं.

वर तर छत होतं, आणि खिडक्या तिनं स्वतः फळ्या ठोकून बंद केल्या होत्या. तरी प्रत्येक भांड्यात चांदण्या होत्या, खोल खोल, तळच नसल्यासारख्या. पक्ष्यांचा एक थवा बादलीतून निघून पातेल्यात गेला, पातेल्यातून टबात. तिचे हात आपसूक जोडले गेले.

"अगं, घसा कोरडा पडलाय माझा!" सासूबाई भिंत धरत धरत तिच्यामागे येऊन उभ्या होत्या. सून काही बोलायच्या आत त्यांनी पेला बुडवला आणि घटाघटा प्यायल्या.

सुनेनं त्यांचा हात घट्ट धरला. "आई, बऱ्या आहात ना?"

हात तिच्या हातातच होता. आवाज मात्र फार लांबून, उंचावरून आला, "केवढं मोकळं आहे गं इथे!"