शांतवन म्हणे

अठ्ठ्याहत्तरच्या नाताळात शरणपूरच्या ख्रिस्ती देवळात रविवारच्या शब्बाथशाळेच्या मुलांनी शांतवन गुरुजींनी रचलेलं ख्रिस्तजन्माचं पद गायलं. जुन्या रीतीनं शेवटच्या कडव्यात गुरुजींनी स्वतःचं नाव गुंफलं होतं. येशूचं नाव मुलांनी पुटपुटत घेतलं. ‘शांतवन म्हणे’ला मात्र देऊळ दणाणलं. गुरुजी सुखावले. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी पुढच्या चिमुरडीला विचारलं, “बाळ, आज कुणाचा गं वाढदिवस?” “आपल्या गुरुजींचा!” बाकांवर हशा पिकला. “मग केक कुठाय, गुरुजी?” मागून कुणीतरी ओरडलं. गुरुजींना मान वर करवेना. महिनाभर त्यांनी शेवटचीच ओळ घोटून घेतली होती. गोठ्यातल्या बाळाविषयी सांगायचं राहूनच गेलं. “पद पुन्हा होऊ द्या,” पाळकसाहेब म्हणाले. शेवटचं कडवं येताच गुरुजींनी मुलांना थांबवायला हात वर केला. पण तालमीत त्या खुणेला आवाज चढवायला त्यांनीच शिकवलं होतं. मुलांनी छाती फुगवून त्यांचं नाव घेतलं.