छातीवरचा शब्द

नायगावच्या शाळेत पुनम लेकरांना इंग्रजी शब्द तोडून शिकवायची. मधे रेघ, प्रत्येक तुकड्याला एक टाळी आणि शेवटी अर्थ. तीच सवय तिला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं नडली. पोहे चापून झाल्यावर नवरदेवाच्या मामानं फर्मान सोडलं, "पोरीला इंग्रजी येतं म्हणता ना? मग वैजनाथच्या शर्टावर काय लिवलंय ते वाचू द्या की."

वैजनाथनं छाती फुगवली. काळ्या तंग शर्टावर सोनेरी अक्षरं चमकत होती.

"इर-रि-स्पॉन-सि-बल," पुनमनं वाचलं.

मामा खो खो हसला. "ही तर अडखळाय लागली! आमचा वैजू इंग्रजी फाडफाड बोलतो. एकुलता एक हाय. व्यसन न्हाई, कसली भानगड न्हाई."

"मग अर्थ त्यांनीच सांगावा," पुनम म्हणाली. तिच्या वडिलांनी डोळे वटारले.

"कंपनीचं नाव हाय ते," वैजनाथनं नाक मुरडलं. "उदगीरला मिळतो असला माल. तुमच्या नायगावात कुठला!"

एवढं मोठं धूड, आणि स्वतःच्या छातीवरचं कळेना! पुनमला किळस आली.

"ह्याचा अर्थ बेजबाबदार माणूस," ती म्हणाली.

सगळे वैजनाथच्या शर्टाकडं बघायला लागले. इतका वेळ पदर ओढून गप्प बसलेली वैजनाथची आई तेवढी पुनमकडं एकटक बघत राहिली.

"लई बरं झालं, पोरी," ती हळूच म्हणाली. "ह्याच्या पैल्या बायकोला वाचता येत नव्हतं."