सगळ्यांना एकच फोन

सकाळपासून पाचव्यांदा बाईंचा नवरा जिन्यावरून पडला. म्हणजे फोनवर पडला. खरा नवरा घरी पेपर वाचत बसलेला असणार. पॅसेजच्या टोकाच्या खोलीतून बाई रडवेल्या आवाजात मदत मागत होत्या आणि इकडे टेबलापाशी पाचवा उमेदवार कपाळ पुसत पत्ता लिहून घेत होता. त्याच्या शेजारी हेडफोन लावून बसलेले पर्यवेक्षक गुण मांडत होते.

रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घेणाऱ्याची एक जागा भरायची होती. परीक्षेची ही पद्धत पर्यवेक्षकांनी भांडून आणली होती. सगळ्यांना तेच प्रश्न, सगळ्यांना तोच फोन, शब्द इकडचा तिकडे होणार नाही. मागच्या वेळी वरून वशिला आला, चहापाण्यात मुलाखत उरकली आणि निवडलेल्या मुलाने भलतीच गल्ली लिहून घेतली. गाडी पोचली तेव्हा पेशंट गेलेला होता. त्याच्या मुलीने ऑफिसात येऊन एवढंच विचारलं होतं, की याला निवडलं कोणी? तेव्हापासून पर्यवेक्षक असे झाले. त्यांच्या मागे सगळे त्यांना फूटपट्टी म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

बाई कक्षाच्या प्रमुख. पद्धत त्यांना पटली होती, पण आज त्यांना ती जिवावर आली होती.

"दाढ ठणकतेय हो," जबडा दाबत त्या म्हणाल्या. पर्यवेक्षकांनी सांगितलं, आता एकच राहिली आहे, तेवढी उरकून टाकू. बाई गोळी आणायला खाली गेल्या आणि येताना सहाव्या उमेदवारालाच सोबत घेऊन आल्या. बाईंची पर्स त्या मुलीच्या खांद्यावर, बाईंचा हात तिच्या हातात, आणि दोघी कशावरून तरी हसत होत्या. ओळख जिन्यातच झाली, असं बाई म्हणाल्या. पर्यवेक्षकांनी मान डोलावली. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी ताडलं होतं.

मुलीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबेना. एक प्रश्न विचारला की ती दोन उलटे विचारी. तुमच्यातला उणेपणा सांगा, या ठरलेल्या प्रश्नाला मात्र तिने झटकन उत्तर दिलं.

"मला कुणी काहीही सांगितलं तरी खरंच वाटतं. चपलांच्या दुकानातून त्यापायीच काढलं. गिऱ्हाईक म्हणायचं, कालच नेलेली आज तुटली, की मी लगेच बदलून द्यायचे. आत्या म्हणते, तुला कुणीही विकून खाईल."

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांना दम लागला. पर्यवेक्षक हसले नाहीत. इथे रोज कितीतरी थापांचे फोन येतात, सगळ्यांना गाडी पाठवणार का, असं त्यांनी विचारलं.

"थाप निघाली तर गाडी परत येईल की, काका."

मुलाखतीत कुणी कुणाचा काका नसतो. पर्यवेक्षकांनी दोन गुण कापले.

मग फोनची वेळ झाली. बाई उठल्या, दाराच्या चौकटीला धरून क्षणभर थांबल्या आणि पॅसेजमधून सावकाश गेल्या. फोन वाजायला आधीच्या पाच वेळांपेक्षा उशीर लागला.

"मला जरा बरं वाटत नाहीये गं," पलीकडून बाईंचा आवाज आला.

पर्यवेक्षकांनी कान टवकारले. नवरा कुठे गेला? जिना कुठे गेला?

"काय होतंय, मावशी?"

"हात जड झालाय. घाम सुटलाय नुसता."

"बोलताय कुठून?"

"इथूनच."

पर्यवेक्षकांचा पारा चढला. बाकीच्यांच्या वाट्याला रक्त, आरडाओरडा आणि अर्धवट पत्ता, आणि हिच्यासाठी हा घरगुती फोन. वर 'गं' सुद्धा. हिला तर पत्ताही लिहून घ्यायला नको. राग ओसरला तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. वरच्या साहेबांकडून त्यांची हीच अपेक्षा होती, बाईंकडून नव्हती.

मुलगी रिसीव्हरला कान लावून गप्प बसली होती. आल्यापासून पहिल्यांदाच गप्प. तिने दोनदा "मावशी?" म्हणून हाक मारली, रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि काही न विचारता खोलीबाहेर पळाली. जाताना तिच्या धक्क्याने खुर्ची आडवी झाली.

फोन अर्धवट सोडला, जागा सोडली. पर्यवेक्षकांनी शून्य लिहिलं आणि त्याखाली सही केली. त्यांनी हेडफोन काढला, पेनाला टोपण लावलं, खुर्ची उचलून जागेवर ठेवली. आज बाईंना तोंडावर सांगायचंच, असं ठरवून त्यांनी टेबलावरचा रिसीव्हर उचलला.

"बाई, तुमची माणसं तुम्ही खुशाल घ्या," ते म्हणाले. "पण मग मला इथे बसवून हे नाटक कशाला?"

पलीकडे रिसीव्हर खडखडला. मग धापा टाकणारा त्या मुलीचा आवाज आला.

"काका, त्या खाली पडल्यात. आता खरी गाडी पाठवा."